मोसमी पावसाचे गणित : डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे कार्य



भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे येत आला आहे. 'नैर्ऋत्य मोसमी वारे कसे निर्माण होतात?' आपली मुले त्याचे उत्तर पाठ करून ठेवतात. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि समुद्रावरची बाष्पयुक्त हवा तिकडे ओढली जाते. म्हणून पाऊस पडतो. पाचपैकी पाच गुण.

आता या उत्तराला आपण दोन साधे प्रश्न विचारू या. पहिला, आपल्या हुबळीत सर्वात जास्त ऊन एप्रिल-मे महिन्यांत असते. जुलैत तर सकाळच्या शाळेला मुले स्वेटर घालून येतात. जमीन तापल्यामुळेच पाऊस पडत असेल, तर भर मोसमात, म्हणजे जुलैत, जमीन मेपेक्षा कितीतरी थंड असूनही सर्वात जोराचा पाऊस कसा? दुसरा, देशात सर्वात अधिक तापतो तो राजस्थानचा पश्चिम भाग. मग सर्वात अधिक पाऊस जैसलमेरला पडायला हवा. तिथे तर वाळवंट आहे.

हे प्रश्न आमचे नव्हेत. सर जॉर्ज सिम्प्सन नावाच्या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने ते १९२१ साली विचारले होते. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली होती : ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, त्या वर्षी जमीन अधिक तापलेली असते. म्हणजे कारण आणि परिणाम आपण उलटे तर मांडत नाही ना? जमीन-समुद्राचा सिद्धांत मुळात १६८६ सालचा. तो मांडला एडमंड हॅले यांनी, ज्यांच्या नावाचा धूमकेतू तुम्हाला ठाऊक आहे तेच हे हॅले. तीन शतके तो सिद्धांत पुस्तकांतून चालत आला. सिम्प्सनच्या शंका मात्र पुस्तकांत आल्या नाहीत.

या शंकांना आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे उत्तर देणाऱ्यांमध्ये एक नाव पुण्यात जन्मलेल्या आणि आपल्या कर्नाटकात, बंगळूरला, आयुष्यभर काम केलेल्या मराठी स्त्रीचे आहे. त्या म्हणजे डॉ. सुलोचना गाडगीळ. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पण आमच्या पाहण्यात असे आले की शिक्षकवर्गातही पुष्कळांना त्यांचे नाव नवीन होते. पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालामुळे त्यांचे पती प्रा. माधव गाडगीळ यांचे नाव घरोघरी पोहोचले. सुलोचनाबाईंचे काम पोहोचले नाही, आणि ते तर आपल्या शेताशी, दुकानाशी, स्वयंपाकघराशी थेट जोडलेले आहे. म्हणून या अंकात हा अभ्यासलेख.

त्यांचा जन्म १९४४ चा. घराणे डॉक्टरांचे, पणजोबा, आजोबा, वडील सगळेच वैद्यकीय व्यवसायात. सुरुवातीचे शिक्षण पुण्यात मराठी माध्यमात झाले. पुढे त्या आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या निवासी शाळेत गेल्या, नंतर परत पुण्याला येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकल्या. डॉक्टरकीचा रस्ता घरातूनच आखलेला होता, पण त्यांचा ओढा गणिताकडे होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी उपयोजित गणितात पीएच.डी. केली. प्रबंधाचा विषय समुद्रातून वाहणारे मोठे प्रवाह नदीसारखी वळणे का घेतात, त्याच्या गणिताशी संबंधित होता.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. मराठी माध्यमाचे नाव निघाले की आमच्या पालकसभेत हमखास एक प्रश्न येतो : इथे शिकून पुढे काय? आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे विज्ञान हिंदी माध्यमातून झाले. 'आर्द्रता', 'वायुदाब', 'विषुववृत्त' हे शब्द आम्हाला हिंदीतून भेटले आणि पुढे त्यांनी आमची कुठे अडवणूक केली नाही. सुलोचनाबाईंनाही पुढे इंग्रजी शिकावी लागली, आणि ती त्यांनी चांगली शिकली, हे लपवण्याचे कारण नाही. पण पहिला पाया आपल्या भाषेत पडला म्हणून हार्वर्डचे दार बंद झाले नाही. माध्यमाच्या वादात याहून जास्त आम्ही आज शिरत नाही.

१९७१ साली त्या भारतात परतल्या. त्या काळी हार्वर्डमधून शिकलेल्याला तिकडेच चांगली नोकरी मिळणे अवघड नव्हते. तरी त्यांनी पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत काम सुरू केले. त्यांच्या त्या पुण्याच्या वास्तव्यातच १९७२ चा मोठा दुष्काळ पडला. आपल्या घरांतील ज्येष्ठांना तो आठवत असेल. मिलो ज्वारीच्या आणि रोजगार हमीच्या खडीच्या आठवणी अनेक घरांत आहेत. पुण्याच्या संस्थेत त्यांना डी. आर. सिक्का हे सहकारी मिळाले. सिक्का यांना हवामान खात्याच्या कामाचा दांडगा अनुभव होता आणि पुढे ते त्या संस्थेचे संचालकही झाले. एकीकडे रोजचे नकाशे वाचून वाचून डोळा तयार झालेला माणूस, दुसरीकडे गणिती. ही जोडी जमली हे आपले भाग्य म्हणायचे.

१९७३ मध्ये गाडगीळ पती-पत्नी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. प्रा. सतीश धवन तेव्हा तिथे संचालक होते. पुढे त्याच संस्थेत वातावरण विज्ञानाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि सुलोचनाबाई त्याच्या आधारस्तंभांपैकी एक ठरल्या.

आता मूळ विषयाकडे वळू. उपग्रहांकडून ढगांची छायाचित्रे रोज मिळू लागली तो हाच काळ. सिक्का आणि गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबरची रोजची चित्रे घेतली. भारताच्या रेखांशांवर, म्हणजे साधारण ७० ते ९० अंश पूर्व या पट्टीत, सर्वात दाट ढग आज कुठे आहेत, उद्या कुठे आहेत, परवा कुठे आहेत, याची त्यांनी दिवसागणिक नोंद केली. काम दिसायला साधे आहे. आमच्या आठवीच्या मुलालाही समजेल असे. पण अशा पाच मोसमांच्या नोंदी चिकाटीने करून त्यांतून अर्थ काढणे ही साधी गोष्ट नाही.

त्यातून दिसले ते असे. पृथ्वीच्या मध्याजवळ, विषुववृत्ताच्या आसपास, दोन्ही गोलार्धांतून येणारे वारे एकमेकांना भेटतात. तिथे हवा उंच चढते, दाट ढगांची माळ तयार होते आणि पाऊस पडतो. सूर्य उत्तरेकडे सरकला की ही माळ उत्तरेकडे सरकते, दक्षिणेकडे गेला की दक्षिणेकडे. अटलांटिक आणि प्रशांत महासागरांवर ती विषुववृत्तापासून फार लांब जात नाही. भारताच्या बाजूला मात्र ती थेट जमिनीवर चढते आणि मध्य भारतापर्यंत, गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचते. आपण ज्याला मोसमी पाऊस म्हणतो तो म्हणजे या ढगांच्या माळेचा आपल्या अंगणातला मुक्काम. दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे तिच्याकडे धावताना विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उजवीकडे वळतात. म्हणून ते आपल्याला नैर्ऋत्येकडून आल्यासारखे वाटतात.

या मांडणीत मे आणि जुलैचे कोडे सुटते. नुसती जमीन तापून भागत नाही. राजस्थानावर हवा तापते, दाब कमी होतो, पण वरच्या थरांतून कोरडी हवा खाली दाबत असते. हवा फार उंच चढू शकत नाही, म्हणून ढग नाही, पाऊस नाही. पाऊस पडायला ओलसर हवा अगदी वरपर्यंत चढली पाहिजे, आणि ते त्या ढगांच्या माळेत घडते. आणि पाऊस पडला की जमीन थंड होते, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ती कमी तापलेली दिसते. सिम्प्सनची तिसरी शंकाही इथे मिटली.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांच्या माळेची आवडती ठाणी दोन असतात. एक १५ अंश उत्तरेच्या वर, जमिनीवर. दुसरे विषुववृत्ताजवळ, समुद्रावर. जमिनीवरची माळ महिन्याहून अधिक काळ स्वतःच्या बळावर टिकत नाही. ती विरते, आणि मग समुद्रावरून नवी माळ उत्तरेकडे चालत येऊन तिची जागा घेते. दोन ते सहा आठवड्यांनी असे घडत राहते. आपली हुबळी १५ अंशांच्या किंचित वर, म्हणजे या जमिनीवरच्या ठाण्याच्या दक्षिण काठावर आहे. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो, मुंगारूची पिके माना टाकतात, लोक आकाशाकडे बघतात, त्यामागे असलेली यंत्रणा ही आहे. हा शोधनिबंध १९८० साली प्रसिद्ध झाला आणि मोसमी पावसाच्या अभ्यासकांना आजही तो वाचावा लागतो.

मग परीक्षेत काय लिहायचे? हा प्रश्न मुले विचारणार हे आम्ही जाणून आहोत. पुस्तकातले उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. ढगांची माळ भारतातच इतकी उत्तरेला का येते, याला तापलेल्या विशाल भूभागाचा हातभार आहेच. तेव्हा पुस्तकातले लिहा आणि त्याखाली चार ओळी या ढगांच्या माळेबद्दल लिहा. तपासणाऱ्या शिक्षकाने त्याचे गुण कापू नयेत, एवढे आम्ही आमच्या शाळेपुरते तरी सांगून ठेवतो.

हे झाले शुद्ध विज्ञान. पण डॉ. गाडगीळ तिथे थांबल्या नाहीत, आणि आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचा पुढचा भाग पालकांनी व विश्वस्तांनी जास्त लक्षपूर्वक वाचावा.

हवामानशास्त्रज्ञ म्हटला की लोक एकच विचारतात, 'यंदा पाऊस कसा?' भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला मोसमाच्या अंदाजाची निकड भासू लागली. १८८६ पासून ते अंदाज नियमित निघू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती या खात्याचे प्रमुख झाले आणि जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे आपल्या पावसाशी ताडून पाहू लागले. आज 'एल निनो' हा शब्द रेडिओवर ऐकू येतो, त्या शास्त्राची एक मुळी वॉकर यांच्या त्या आकडेमोडीत आहे. प्रशांत महासागराचे मध्य-पूर्वेकडील पाणी नेहमीपेक्षा तापले की एल निनो झाला म्हणतात, आणि अशा वर्षी आपल्याकडे पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. १९८८ पासून दुसरे एक मराठी शास्त्रज्ञ, डॉ. वसंत गोवारीकर, यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप वापरले जाऊ लागले आणि बरीच वर्षे त्याचे कौतुकही झाले.

पण १९९७ साली विसाव्या शतकातील अत्यंत बलाढ्य असा एल निनो आला, आणि भारतात पाऊस सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्तच पडला. उलट २००२ साली एल निनो मध्यम होता, सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता, आणि देशात जुलैचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. पूर्ण मोसमाचा पाऊस सरासरीच्या ८१ टक्के भरला. २००४ सालीही अंदाज हुकला. तेव्हा डॉ. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स' या बंगळूरहून निघणाऱ्या नियतकालिकात उघडपणे प्रश्न विचारला, पुन्हा अपयश का? आपल्याच क्षेत्रातील माणसांसमोर असे लिहायला धैर्य लागते. त्यांचा सूर मात्र दोष देण्याचा नव्हता. या लेखकांमध्ये हवामान खात्यातील शास्त्रज्ञही होते.

उत्तराचा एक भाग त्यांनी आपल्याच समुद्रात शोधला. प्रशांत महासागराकडे सगळ्यांचे डोळे लागले असताना त्यांनी विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागराकडे पाहिले. तिथे एक प्रकारचा सी-सॉ चालतो. काही वर्षी आफ्रिकेच्या बाजूला ढग दाटतात आणि सुमात्राच्या बाजूला कमी होतात. काही वर्षी याच्या उलट. आफ्रिकेची बाजू ढगाळ असेल तर ते भारताला अनुकूल, सुमात्राची बाजू ढगाळ असेल तर प्रतिकूल. १९९७ मध्ये एल निनो विरोधात होता पण हा सी-सॉ आपल्या बाजूने होता, म्हणून निभावले. २००२ मध्ये दोन्ही विरोधात गेले. हा निबंध २००४ चा. पुढे २०१९ साली हाच सी-सॉ आपल्या बाजूला जोरात झुकला होता आणि देशाचा पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णा-मलप्रभेला आलेला महापूर आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांनी सोसला आहे. (एका महापुराचे सगळे कारण या एकाच गोष्टीत आहे, असे मात्र कुणी समजू नये.)

आकड्यांबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण त्यावरून घरोघरी गैरसमज आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये संपूर्ण देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरली जाते. त्याच्या ९६ ते १०४ टक्क्यांमध्ये पाऊस झाला तर 'सामान्य', ९० टक्क्यांच्या खाली गेला तर अपुरा. हा आकडा देशाचा आहे, कलघटगीचा किंवा नवलगुंदचा नाही. २०२३ साली देशात ९४ टक्के पाऊस झाला आणि कर्नाटकात २३६ पैकी दोनशेहून अधिक तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. आपल्या एकाच धारवाड जिल्ह्यात पश्चिमेला मलनाडची ओल आणि पूर्वेला नवलगुंदची कोरडी काळी जमीन आहे. तेव्हा रेडिओवर 'सामान्य' ऐकून कुणी बी-बियाण्यासाठी कर्ज काढू नये.

मग शेतकऱ्याला विज्ञानाचा उपयोग काय? डॉ. गाडगीळ यांचे याविषयीचे काम आम्हाला सर्वात आवडले. बळ्ळारीच्या पलीकडे आंध्रातला अनंतपूर जिल्हा आणि त्याला लागून आपल्या तुमकूर जिल्ह्यातला पावगड तालुका, हा देशातील अतिशय कमी पावसाचा प्रदेश. तिथे कोरडवाहू भुईमूग पिकतो. त्या आणि त्यांचे सहकारी तिथल्या शेतकऱ्यांकडे गेले. तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे, हे त्यांनी आधी विचारले. शेतकऱ्याला देशाच्या एकूण पावसात रस नव्हता. पेरणी केव्हा करू, शेंगा भरण्याच्या वेळी ताण बसण्याचा धोका कोणत्या तारखेच्या पेरणीला कमी, रोग कधी येतो, असे त्याचे प्रश्न होते.

पुष्कळ वर्षांच्या पावसाच्या नोंदी संगणकातील भुईमुगाच्या प्रारूपाला देऊन वेगवेगळ्या तारखांची पेरणी तपासण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे निघाले की अनंतपूरचे शेतकरी २२ जून ते १७ ऑगस्ट अशा लांबलचक काळात जी पेरणी करतात, तोच काळ पीक पूर्णपणे बुडण्याचा धोका सर्वात कमी ठेवणारा आहे. दोन महिन्यांची ही मुदत बाहेरच्या माणसाला ढिलाई वाटेल. संगणकाने सांगितले की ती ढिलाई नाही, पिढ्यांचा हिशेब आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू मोजत पेरणी करणारे आपल्या घरातले आजोबा हे ऐकून नक्कीच हसतील. पण सगळेच जुने आपोआप बरोबर असते असाही याचा अर्थ नाही. पिके बदलली, वाण बदलले, तेव्हा नव्या पिकाचा हिशेब नव्याने करावा लागतो. त्यासाठीच त्यांनी शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांना एकत्र बसवले.

आता धोरणाचा भाग. २००६ साली त्यांनी आपले पुत्र, गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ, यांच्यासह 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. १९५१ ते २००३ या काळात पावसाचा राष्ट्रीय उत्पन्नावर आणि धान्याच्या उत्पादनावर काय परिणाम झाला, हे त्यात मोजले होते. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याहून अधिक होता, तो नंतर पाव हिश्श्यापर्यंत घसरला. तेव्हा कुणालाही वाटेल की दुष्काळाचा फटकाही तितकाच घटला असेल. हिशेबात निघाले ते वेगळेच. मोठ्या दुष्काळाचा फटका पहिल्यापासून शेवटपर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतकाच राहिला होता.

असे का, हे दुर्गदबैलच्या कोणत्याही दुकानदाराला विचारा. पीक गेले की शेतकरी साडी घेत नाही, मोटारसायकल घेत नाही, लग्न पुढे ढकलतो. अमरगोळच्या बाजार समितीत माल आला नाही की हमालाची मजुरी गेली, ट्रकवाल्याचे भाडे गेले. आमच्या कार्यालयातील शुल्काच्या पावतीपुस्तकातही दुष्काळ दिसतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी दुसऱ्या सहामाहीचे शुल्क उशिरा येते, आणि काही मुले येणेच बंद होते. शहरात राहणाऱ्याला वाटते आपला पावसाशी संबंध नळाच्या पाण्यापुरता. तो तसा नाही.

त्याच लेखात आणखी एक निष्कर्ष होता, आणि तो सरकारने मनावर घ्यावा असा आहे. १९८० नंतर वाईट वर्षी धान्य जितके घटते, तितके चांगल्या वर्षी वाढत नाही. कारण कोरडवाहू शेतकरी खत आणि औषधावर खर्च करत नाही. पाऊस आला नाही तर तो खर्च मातीत जाणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून पाऊस चांगला झाला तरी त्याचे पूर्ण पीक हाती येत नाही. म्हणजे दुष्काळात मदत वाटणे पुरेसे नाही. चांगल्या पावसाचा लाभ घेता येईल अशी कोरडवाहू शेतकऱ्याची आर्थिक स्थिती करणे हेही धोरणच आहे. आम्हाला हे वाक्य फार मोठे वाटते. सरकारे दुष्काळासाठी निधी ठेवतात, सुकाळासाठी ठेवलेला आमच्या ऐकण्यात नाही.

हवामान बदलाबद्दल मुले विचारतात, म्हणून थोडक्यात. प्रा. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढत गेले आणि मध्यम पावसाचे घटले. एकूण बेरीज फारशी बदलली नाही, पण पडण्याची रीत बदलली. हळूहळू मुरणारा पाऊस कमी, वाहून जाणारा जास्त. तळी गाळाने भरलेल्या गावाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता हा मार्ग धरायचा तर काय शिकावे? यासाठी वेगळी अशी 'पावसाची शाळा' नाही. दहावीनंतर विज्ञान, आणि त्यात गणित व भौतिकशास्त्र सोडायचे नाही. पदवीनंतर पुणे विद्यापीठात आणि कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात वातावरण विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. बंगळूरच्या ज्या केंद्रात सुलोचनाबाईंनी काम केले, ते आज वातावरण आणि महासागर विज्ञान केंद्र या नावाने चालते. ज्यांना शेतीची आवड आहे त्यांच्यासाठी कृषी हवामानशास्त्र हा विषय आहे, आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ तर आपल्या दारातच आहे. आमच्या दहावीच्या हुशार मुलींपैकी पुष्कळ जणी अकरावीत गणित सोडतात, 'पुढे उपयोग काय' म्हणून. घरी हा निर्णय होण्यापूर्वी पालकांनी एकदा आमच्याकडे येऊन बोलावे, ही विनंती.

शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक मागणी. शाळेच्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक बसवावे. त्याला वीज लागत नाही. एक नरसाळे, खाली बाटली आणि मोजपात्र. झाडांच्या, भिंतींच्या आडोशापासून दूर ठेवायचे आणि रोज सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खात्याची देशभरची नोंद त्याच वेळी होते. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाणी भरले तर तो 'पावसाचा दिवस' धरायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपली गच्ची ३०० चौरस मीटर धरली, तर २० मिलिमीटरच्या एका सरीत ६,००० लिटर पाणी पन्हाळीतून गटारात जाते. हे गणित सातवीची मुले फळ्यावर करतील आणि मग पावसाचे पाणी साठवण्याच्या टाकीची मागणी तीच तुमच्याकडे करतील, याची विश्वस्तांनी तयारी ठेवावी.

नोंदवहीत तारीख, मिलिमीटर आणि नक्षत्र असे तीन रकाने असावेत असे आम्ही ठरवले आहे. आठवी व नववीच्या मुला-मुलींनी आठवड्याची पाळी वाटून घ्यायची आहे. सुट्टीच्या दिवशी आणि दिवाळीच्या रजेत मोजणी चुकता कामा नये, त्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांची नावे हवी आहेत. इच्छुकांनी मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी विज्ञान शिक्षकांकडे नाव द्यावे, म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीपासून वही सुरू करता येईल.